शिंगांचा उरलेला रंग

पोळा सरला की आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात रंगाचे दोन-तीन डबे पडून राहायचे. बैलांची शिंगं रंगवून उरलेला तो तेलरंग. तळाशी बोटभर, वर साय धरलेली, सायीत अडकलेली एखादी माशी आणि बैलाचे केस. पुरुषांच्या लेखी तो रंग संपलेला असायचा. आम्हा बायकांचं काम तिथून सुरू व्हायचं, कारण पोळ्यानंतरच्या पुनवेला भुलाबाई यायची.

भुलाबाई म्हणजे पार्वती, पण आमच्याकडे ती देवी म्हणून येत नाही, लेक म्हणून येते. भाद्रपदाच्या पुनवेला माहेरी येते आणि कोजागिरीला सासरी परत जाते. महिनाभर तिची आणि तिच्या नवऱ्याची, भुलोजीची, मातीची जोडी भिंतीशी पाटावर बसलेली असते. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघर फिरतात, तिच्यापुढे गाणी म्हणतात, झाकलेला डबा हलवून, वास घेऊन आतली खिरापत ओळखतात, खातात आणि पुढच्या घरी जातात. आमच्या गावात या जोडीमागे भिंतीला टेकवून एक रंगवलेला पत्रा ठेवायची रीत होती. त्यासाठी काही म्हणता काही विकत आणायचं नाही. सासूबाई म्हणत, माहेरी आलेल्या लेकीपुढे बाजारातली वस्तू मांडली की ती पाहुणी होते. म्हणून मग तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा कापून, दगडानं ठोकून सपाट केलेला पत्रा. तो नसला तर सिमेंटच्या पोत्याचा कागद, नाहीतर फाटकं सूप. रंग शिंगांचा उरलेला, शिवाय गेरू, चुना, कपड्यांची नीळ आणि तव्याखालची काजळी. कुंचला म्हणजे चावून फेसाटलेली निंबाची काडी. हे कोणी कोणाला शिकवत नसे. लहानपणी पाहायचं आणि मोठेपणी करायचं.

पोरी घरोघर फिरत, त्यामुळे कोणाच्या पत्र्यावर काय आहे हे रात्रीच्या जेवणापर्यंत साऱ्या गल्लीत कळलेलं असे. परीक्षा होती ती, आणि परीक्षक आठ-दहा वर्षांच्या पोरी. त्यांना लाच देता येत नाही आणि त्यांच्यापाशी रडताही येत नाही. हे सगळं आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे ते मत्सराचं आहे, आणि तो नीट समजावा असं मला वाटतं. मत्सर माझा. तो गेला असं मी म्हणणार नाही.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला मी आर्वीकडून लग्न होऊन सेलू तालुक्यातल्या या गावात आले. माहेरी माझ्या हाताचं नाव होतं. माझं चित्र गच्च असायचं. वेल, वेलीत कमळ, कमळात भुंगा, भुंग्याच्या पंखावरही रेघा. बोटभर जागा मी रिकामी सोडत नसे. रिकामी जागा म्हणजे आळस, असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. सासरी आल्यावर पहिल्याच भुलाबाईला मी सिमेंटच्या कागदावर मोराच्या पिसासारखी नक्षी भरली आणि गल्लीतल्या बाया दुपारची कामं टाकून पाहायला आल्या. पुढची काही वर्षं मी राणी होते. गल्लीचीही राणी असते, तिलाही गादी जाण्याचं भय असतं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. दीर सेवाग्रामच्या दवाखान्यात कामाला होता, रोज बसनं जाऊन येऊन करायचा. त्याची बायको उंच, शेलाटी, कामाला संथ. तिच्या भाकरीला कधी गोल माहीत नव्हता. बोलायची कमी, आणि बोलताना समोरच्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहायची. मला ती आवडली. धाकटी जाऊ अशीच असावी, थोरलीला काही धोका नसलेली. मी तिला घरातल्या रिती शिकवल्या, सासूबाईंचा चहा कसा लागतो ते शिकवलं. चित्राचं विचारलं तर म्हणाली, माहेरी भिंतीवर काहीबाही काढत होते. काहीबाही हा शब्द ऐकून मी निर्धास्त झाले.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी गेले. मोठी लेक चार-पाच वर्षांची होती. तिला आजीपाशी आणि काकूपाशी ठेवलं. त्या पोळ्याला सेलूच्या दुकानात फक्त हिरवा रंग मिळाला, अशी बातमी मला माहेरी पोचली आणि माझ्या जिवाला बरं वाटलं. नुसत्या हिरव्या रंगात ती काय करणार? करू दे बापडीला, असं मी आईला म्हणाले सुद्धा.

कोजागिरीच्या दोन-चार दिवस आधी मी बाळाला घेऊन घरी आले. संध्याकाळची वेळ होती, पोरी आमच्याच घरी गात होत्या. मी दारातून आत आले आणि पत्रा पाहिला. तिनं हिरव्या रंगात कपाशीचं शेत काढलं होतं. ओळीच्या ओळी, दूरवर जाऊन बारीक होत गेलेल्या. आणि बोंडांच्या जागी रंगच लावला नव्हता. तेवढा तेवढा पत्रा उघडा सोडला होता. समईच्या उजेडात तो उघडा पत्रा असा चमकत होता की वेचणीला आलेलं शेत समोर उभं राहावं. पोरी गाता गाता मान इकडून तिकडे करत होत्या, कारण मान हलली की कापूसही हलायचा.

लेक धावत आली आणि माझ्या पदराला धरून तिनं पहिली गोष्ट सांगितली ती ही. "माय, काकूनं कापूस काढलाच नाई. सोडला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाळंतिणीनं संताप करू नये, दूध आटतं, म्हणून सासूबाईंनी मला आत नेऊन निजवलं. त्यांना वाटलं मी प्रवासानं दमले. मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि बाहेर पोरी दुसऱ्यांदा तेच गाणं म्हणत होत्या, कारण त्यांना जायचं नव्हतं. माझ्या पत्र्यापुढे कधी कोणी दुसऱ्यांदा गाणं म्हटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी थोरलीच्या मानानं पत्रा पुन्हा माझ्याकडे आला. रंगाचे डबे आधी माझ्यापुढे येत, तेही मानानंच. त्या साली लाल, निळा, पिवळा, सगळे होते. मी जीव ओतला. डोळे दुखेपर्यंत बसले. बाया आल्या, पत्र्याला नाक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, लय मेहनत केली वो. मेहनत हा शब्द तेव्हापासून मला शिवीसारखा लागतो. धाकटीच्या कापसाला कोणी मेहनत म्हटलं नव्हतं. कोणी काहीच म्हटलं नव्हतं, नुसत्या उभ्या राहिल्या होत्या.

आणि लेक तिच्यापाशी जाऊन बसू लागली. भूक लागली की माझ्याकडे, वेणी घालायला माझ्याकडे, ताप आला की माझ्याकडे. पण नुसतं बसायला काकूकडे. धाकटी अंगणात छपराच्या एखाद्या फुटक्या कवेलूवर कोळशानं काही ओढत असे आणि ही गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत असे. दोघी बोलत नसत. बोलल्या असत्या तर मी मध्ये पडून काही विचारलं असतं. न बोलणाऱ्यांच्या मध्ये कसं पडायचं? मी पत्र्यासाठी झुरत होते असं वरवर दिसलं असतं, पण मला हवी होती ती ही पोर. तिनं एकदा माझ्या चित्राकडे तसं बघावं, गुडघ्यावर हनुवटी ठेवून, काही न बोलता. बाकी गल्ली गेली खड्ड्यात.

मग सासरे गेले. छातीचा आजार होता, सेवाग्रामला बरेच दिवस काढले. दिरानं दवाखान्यातून त्यांचे कपडे आणि पिवळ्या पाकिटातला छातीचा एक्स-रे घरी आणला. ते पाकीट खुंटीला अडकवलं गेलं आणि तिथंच राहिलं. कोणी हात लावत नसे. वर्ष सरल्यावर एक दिवस धाकटीनं सासूबाईंना विचारलं, हे मी घेऊ काय, यावर काढते. मी चुलीपुढून उठून दाराशी आले. आज हिची खरडपट्टी निघणार, ती मला माझ्या कानांनी ऐकायची होती. सासूबाई पाकिटावरची धूळ पदरानं पुसत म्हणाल्या, घे.

एक्स-रेच्या काळ्या फिल्मला तिनं आधी रंग लावला नाही. सुईनं खरवडत बसली. दोन फासळ्यांच्या मधल्या प्रत्येक जागेत तिनं एकेक राघू बसवला. कोणी मान वळवलेला, कोणी पंखात चोच खुपसलेला. मग काहींना हिरव्याचा हलका हात दिला, चोचींना लाल टिंब. ती फिल्म तिनं पूर्वेच्या खिडकीच्या गजांना बांधली. सकाळी ऊन आलं तसे ते राघू पेटले. सासऱ्यांच्या फासळ्या डहाळ्यांसारख्या दिसू लागल्या. सासूबाई चहाचा कप घेऊन खिडकीपुढे बसल्या. चहा थंडगार झाला.

"यायच्या छातीत राघू होते," त्या म्हणाल्या, "अन् मले सारा जनम खोकलाच आयकू आला."

मी चुलीपाशी जाऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं आलं असं समजायला घरात सगळे तयारच होते. पण ते धुराचं नव्हतं, सासऱ्यांसाठीही नव्हतं. इतकी वर्षं मी या घरात चित्रं काढत होते, माझ्या चित्रापुढे सासूबाईंचा चहा कधी थंड झाला नव्हता. तो एक्स-रे मला सुचला नसता. हेच खुपत होतं. तिच्याहून बारीक रेघ मी ओढू शकत होते, तिच्याहून सरळ, तिच्याहून सारखी. पण खुंटीला अडकवलेलं ते पाकीट रोज मीही पाहत होते आणि मला त्यात फक्त आजार दिसत होता.

मी तिची नक्कल करूनही पाहिली. एका भुलाबाईला मुद्दाम पत्रा मधून मधून उघडा सोडला. शेजारीण आली, पाहिलं आणि तिनं अगदी कळवळून विचारलं, रंग पुरला नाई काय वो? त्या संध्याकाळी मी उरलेल्या सगळ्या जागा भरून टाकल्या.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे ते वर्ष ऐंशीनंतरचं. पावसानं गोठ्याचं छप्पर गळू लागलं आणि घरात जमवलेले डब्यांचे पत्रे पुरुषांनी छपराला ठोकून टाकले. भुलाबाईसाठी एकच पत्रा उरला. आधीच्या वर्षी सासूबाईंनी धाकटीला सूप रंगवायला देऊन वेळ मारून नेली होती, यंदा सूपही नव्हतं. सासूबाईंनी निवाडा केला. पत्र्याला बाजू दोन आहेत. आतली चकचकीत बाजू थोरलीची. बाहेरची, जिच्यावर तेलाच्या घाण्याचं नाव आणि भुईमुगाची शेंग छापलेली होती, ती धाकटीची. महिन्यातले पहिले पंधरा दिवस थोरलीची बाजू समोर, मग पत्रा उलटायचा. पहिला मान माझा.

मी खुशीनं मान डोलावली. चकचकीत बाजू माझी, पहिली पाळी माझी, छापलेल्या शेंगेवर ती काय करणार? काम निम्मं झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की कोजागिरी दुसऱ्या पंधरवड्यात येते. सारी गल्ली जमते, भुलाबाईवर ज्वारीच्या उभ्या धांड्यांची, ताटांची माडी उभारतात, पाहुण्या लेकी येतात, ती संध्याकाळ तिची होती. माझा मानच माझ्या आड आला होता. आता कोणत्या तोंडानं म्हणायचं की मला दुसरी पाळी द्या, मला धाकटी करा?

तेव्हा मी ठरवलं की माझी बाजू अशी करायची की उलटताना सासूबाईंचा हात थांबला पाहिजे. मी तळं काढलं. कमळांनी गच्च. तळ्याच्या दोन काठांवर दोन हत्ती, समोरासमोर, सोंडा वर, सोंडेतल्या माळेनं भुलाबाईच्या डोक्यावर बरोबर कमान यावी अशा. हत्तींच्या झुलीवर मी जे काम केलं ते पुन्हा माझ्या हातून झालं नाही. खोटी नम्रता कशाला, ते सुंदर होतं. पोरी आल्या तेव्हा त्यांनी कमळं मोजायची पैज लावली. मला वाटलं, लागला नेम.

पंधरवडा झाला आणि सासूबाईंनी पत्रा उलटला. हात थांबला नाही. माझे हत्ती भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि समोर आला मोर. तिनं त्या छापलेल्या भुईमुगाच्या शेंगेचंच मोराचं अंग केलं होतं. शेंगेच्या जाळीदार टरफलाला दोन पाय आणि एक मान फुटली होती, आणि पिसारा शिंगांच्या जाड निळ्या रंगात, बोटानंच ओढलेला. मोर कोणाकडे पाहत नव्हता. तो पत्र्याच्या बाहेर कुठेतरी पाहत होता, जशी ती पाहायची. कोजागिरीला सगळ्या पोरी फेर धरून गात होत्या आणि माझी लेक, आता चांगली नऊ-दहा वर्षांची, गाण्याचे शब्द विसरून मोराकडे पाहत उभी होती. मागची पोर तिला ढकलत होती तरी हलेना. मी दुधाचे पेले भरत होते. एक पेला ओतून वाहेपर्यंत मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मी तिला विचारलं. तोपर्यंत कधी विचारलं नव्हतं. "कोणतं बरं वाटलं तुले?"

तिला खोटं बोलायची गरज वाटली नाही. "तुझं लय छान हाय माय," ती म्हणाली. आणि पुढे, "काकूचं मले पाहत राहावं वाटते."

मी वेणी घट्ट बांधली. ती कळवळली, मी सैल केली, आणि कामाला लागले.

आमच्याकडे भुलाबाईचा पत्रा जपून ठेवत नाहीत. सण झाला की तो परत कामाला लागतो. कोणाचा खुराड्यावर जातो, कोणाचा पाण्याच्या पिंपावर. आमच्या स्वयंपाकघरात दूधदुभत्याच्या फडताळाचं दार मोडलं होतं आणि मांजरीनं उच्छाद मांडला होता. दिरानं पत्र्याला लाकडी चौकट मारून त्याचं दार केलं. थोरलीची बाजू बाहेर, अर्थातच. धाकटीचा मोर आत, दही-दुधाच्या सोबतीला. मला वाटलं, बरं झालं, मिटलं एकदाचं. पण चुलीचा धूर माझ्या हत्तींवर बसू लागला. वर्षभरात ते तपकिरी झाले, कमळं काळवंडली. आतला मोर कोरा करकरीत. आणि लेक दिवसातून कितीदा तरी ते दार उघडायची. साय चोरते म्हणून मी ओरडायचे. साय जागच्या जागी असायची.

धाकटी भांडली असती तर बरं झालं असतं. ती दर दिवाळीला माझे हत्ती ओल्या फडक्यानं पुसायची, मी न सांगता. एकदा तुरीची डाळ पाखडताना मी तिला सरळ विचारलं, तुला माझं चित्र कसं वाटतं? मला वाटलं, आता तरी काही सापडेल, एखादा डंख, एखादी खोच. ती मला बाई म्हणायची. म्हणाली, बाई, तुमच्यावानी मले जमत नाई, मी कटाळून जाते. ती खरंच तेवढंच म्हणत होती. मी रात्रंदिवस जिच्याशी झुंजत होते तिला लढाई चालू आहे हेच ठाऊक नव्हतं. हेव्यात एकटं असण्यासारखी फजिती नाही. निदान समोरच्यानं तरी थोडा हेवा करावा.

लेक मॅट्रिक होऊन वर्ध्याला कॉलेजात गेली, वसतिगृहात राहू लागली. त्याच सुमारास वर्ध्याहून एक बाई गावोगाव फिरत आमच्याकडे आल्या. लोकांनी घरच्या घरी टाकाऊ वस्तूंवर काढलेली चित्रं त्या गोळा करत होत्या, त्यांचं प्रदर्शन भरवायचं होतं. दिरानं दवाखान्यात राघूंच्या एक्स-रेबद्दल सांगितलं होतं, ते कोणाकडून तरी त्यांच्या कानी आलं होतं. पण तो सासूबाईंनी देऊ दिला नाही. त्या तेव्हा अंथरुणाला होत्या आणि खिडकी त्यांच्या उशाशी होती. बाई निराश झाल्या. मी चहासाठी दूध काढायला फडताळाचं दार उघडलं. त्यांना आधी हत्ती दिसले, मग मोर. त्या उठून उभ्या राहिल्या.

दार आठ दिवसांसाठी न्यायचं ठरलं. त्यांनी दोन्ही बाजू उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिल्या. मग म्हणाल्या की दोन्ही फार सुंदर आहेत, पण भिंतीवर लावायचं तर एकच बाजू दिसेल, कोणती लावू? मला वाटलं, हा प्रश्न इतक्या वर्षांनी कोणीतरी विचारला. ही बाई गल्लीतली नाही, घरातली नाही, हिला ना माझा मान ठाऊक ना तिचा संकोच. हिनंच सांगावं. हरले तरी चालेल, पण एकदा कळू दे. मी म्हणाले, तुम्हीच ठरवा.

बाईंनी पत्रा एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिला. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. आणि आयुष्यात कधी मध्ये न बोलणारी धाकटी मध्ये बोलली.

"आमच्या बाईची लावा. त्या मोठ्या हायेत."

बाईंच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. त्यांनी मान हलवली, दार कापडात गुंडाळलं. त्यांच्या ओठांवर आलेला शब्द कोणता होता ते मला अजून माहीत नाही. धाकटीनं मला पहिली जागा दिली होती, आणि देऊन माझ्याकडून ती काढून घेतली होती. तिला यातलं काही कळलं नाही. ती चहाचे कप विसळत होती.

प्रदर्शनाला आम्ही दोघी एसटीनं गेलो. लेक तिथंच आम्हाला भेटली. मोठा हॉल होता, पांढऱ्या भिंती. कोणी कवेलूंवर वाघ काढले होते, कोणी मोडक्या बंडीच्या चाकावर सूर्य, खताच्या पोत्यावर एका मजुरणीनं सारा पाणवठा उभा केला होता. कोणीच कुठं शिकलेलं नव्हतं. मला सगळ्यांचा हेवा वाटला. कवेलूंचा म्हातारा तर वारला होता, तरी त्याचाही वाटला. धाकटी त्या वाघांपुढे जी थांबली ती तिथंच रमली. आमचं दार कुठं लावलंय हे तिनं विचारलंही नाही.

दार समोरच्या भिंतीवर होतं. कोणीतरी धूर पुसून काढला होता. हत्ती पुन्हा हत्ती झाले होते, कमळं लाल झाली होती, आणि पुढे माणसं उभी होती. शहरातली, चष्मे लावलेली, हलक्या आवाजात बोलणारी. एकानं दुसऱ्याला झूल दाखवली आणि दोघं बराच वेळ हलले नाहीत. कोणी मेहनत म्हटलं नाही. मी पदर सावरून बाजूला उभी राहिले आणि त्या दोघांचे चेहरे पाहत राहिले. तशी मी फार वर्षांनी खूश झाले होते. ते दोघं पुढे गेले, जागा मोकळी झाली, आणि मी लेकीला हाक मारली.

ती आली. माझ्या शेजारी उभी राहून तिनं पाहिलं. "छान दिसून राह्यलं माय," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मग ती पुढे झाली. दार भिंतीपासून थोडं सुटं टांगलेलं होतं. तिनं आजूबाजूला पाहिलं, हॉलमधला माणूस दुसरीकडे वळला होता, आणि तिनं त्या फटीतून हात मागे सरकवला. शिंगांचा रंग जाड बसतो, बोटाला लागतो.

"पिसारा लागला," ती हळूच म्हणाली. "चोच शोधून राह्यली."

हात आणखी आत जावा म्हणून तिनं गाल माझ्या हत्तींना टेकवला. माझ्या चित्राच्या इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती, आणि तिचे डोळे मिटलेले होते.